'एकच लिही' म्हणालो मी

"चाळीस प्रश्न. चाळीसच्या चाळीस ठिकाणी एक," असं तो सर माइकमध्ये म्हणाला आणि भिंतीवर माझ्या नातीचं नाव मोठं करून दाखवलं.

शाळेच्या हॉलमध्ये दहावीची पालकसभा होती. पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. भिंतीवर एकेका पोराचा गोल दिसून राहिला होता. कोणाच्या गोलात हिरवा रंग फुगलेला, कोणाच्यात पिवळा. माझ्या पायलचा गोल रिकामा. मधोमध फक्त एक ठिपका.

सर गोंदियाचा, चाचणी घेऊन पोरांना पुढची वाट सांगणारा. जवान पोरगा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात टॅब. बोलण्यात निम्मी हिंदी. "एक मतलब काय? मला अजिबात जमत नाही. हिला हिशेब जमत नाही, चित्र जमत नाही, चार लोकांत बोलणं जमत नाही, आजारी माणसाची काळजी घेणं जमत नाही. ऐसा रिझल्ट मैंने आज तक नहीं देखा, भाई. हिच्यात मशीनला काहीच सापडलं नाही."

लोक हसले.

पुढे खुर्चीवर शाळा समितीचे अध्यक्ष बसले होते. गाव त्यांना पाटील म्हणते. त्यांच्या शेतात, बांध्यांमध्ये, माझ्या बायकोने आयुष्यभर चिखलात वाकून धानाचा रोवणा केला. ते मागे वळले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "ढिवराची पोर हाये, सर. कागदावर कायले पाहाता? पाण्यात सोडा, मंग पाहा."

आणखी हसले. पोट्टेही हसले. नाव घेतलं की उभं राहायचं होतं, म्हणून पायल उभी होती. दोन वेण्या, मान खाली.

आणि मीही हसलो.

हे वाक्य लिहायला मला लई दिवस लागले. मी हसलो. सतरंजीवर बसल्या बसल्या हात जोडले आणि दात काढून हसलो. पाटील माझ्याकडे पाहून बोलले होते ना. मोठा माणूस आपल्याकडे पाहून बोलला की हसायचं, ही सवय साठ वर्षांची आहे. तोंड मला विचारून हसत नाही.

मग सराने एक कागद काढला. म्हणाला, अशा मुलांसाठीही रस्ता आहे. दहावी झाली की तीन महिन्यांचं हाउसकीपिंगचं शिक्षण, नागपुरात. राहणं, खाणं फुकट. मग हॉटेलात काम पक्कं. "दादाजी, टेन्शन मत लो. पोरगी पायावर उभी राहील. इथं सही करा."

मी विचारलं नाही हाउसकीपिंग म्हणजे काय. मला माहीत होतं. आमच्या मोहल्ल्यातली एक पोरगी गेली होती. दुसऱ्याच्या खोल्या झाडायच्या, दुसऱ्याच्या चादरी बदलायच्या. काम वाईट नाही. कोणतंच काम वाईट नसते. पण माझ्या नातीला ते करायचं नव्हतं. तिला अकरावीला अर्जुनीला जायचं होतं, विज्ञान घ्यायचं होतं आणि बारावीनंतर सिस्टर व्हायचं होतं. हेही मला माहीत होतं.

मी सही केली.

पायलने मान वर केली आणि पाहिलं. फक्त एकदा.

*

मी चौथी पास माणूस. लिहिण्याची सवय नाही. शुद्धलेखन शाळेतल्या मॅडमनी पाहून दिलं, वाक्यं माझी आहेत. मॅडम म्हणाल्या, इथे जरा सौम्य करू का? मी म्हटलं, राहू द्या.

आमचं गाव नवेगाव बांधाच्या तलावाजवळ. आम्ही ढिवर. मी डोंगा चालवला, जाळी टाकली, जाळी विणली. माझा पोरगा आणि सून हैदराबादकडे इमारतीच्या कामावर असतात. सहा महिन्यांनी येतात. पायल पाच वर्षांची होती तेव्हापासून आमच्याजवळ, म्हणजे माझ्या आणि बुढीच्या. बुढी म्हणजे माझी बायको. मागच्या दिवाळीनंतर दहाव्या दिवशी ती गेली.

तिला साखर होती. पायाच्या अंगठ्याला काटा लागला आणि जखम भरेना. उपकेंद्रातल्या सिस्टरने पायलला पट्टी कशी करायची ते दाखवलं. एकदाच दाखवलं. मग पोरगी रोज शाळेत जायच्या आधी पट्टी करत होती. हात साबणाने धुवायची, मला अंगणात हाकलायची, "आबाजी, धूड उडवू नोका," म्हणायची. जखम रोज मापायची. फुटपट्टीने. वहीत लिहायची. बुढी तिला चिडवायची, "काय व डाक्टरीणबाई, आज किती मार्क देतं माह्या पायाले?" ती म्हणायची, "आज नापास. काल पोहे कोणं खाल्ले साखर टाकून?" दोघी हसायच्या. सिस्टर एकदा घरी आली तेव्हा पट्टी सोडून पाहिली आणि म्हणाली, "ही पोरगी माझ्याहून साफ काम करते."

त्या दिवसापासून बुढी म्हणायला लागली की पायलला सिस्टर करायचं. माझ्याजवळ म्हणायची, पोरीजवळ म्हणायची. बाहेर कोणाजवळ नाही.

आमच्यात बाहेर बोलत नाहीत. हे सांगावं लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही. तलावावर जाताना कोणी विचारलं, "किती मासे आणशील?" तर ढिवर कधी सांगत नाही. म्हणतो, "काई नाई, जाऊन येतो." आणि टोपली भरून आणली, वरपर्यंत मरळ आणि रोहू आहे, तरी कोणी विचारलं, "किती भेटले?" तर म्हणायचं, "भाजीपुरते." तोंडाने मोठं बोललं की जाळं रिकामं निघते, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलं. पोराला पोहता येते का विचारलं तर बाप म्हणेल, "कायचं येते." पोरगा तलावाच्या मधातून पोहून येत असला तरी.

शाळेत मी चौथीत होतो तेव्हा पाढे मला सगळ्यांच्या आधी यायचे. मास्तर विचारायचे, कोणाला येते? मी हात वर केला नाही. वर्षभर नाही. मास्तरने माझ्या बापाला सांगितलं, डोकं नाही याला. बाप म्हणाला, "होय जी, कायचं डोकं." तिथून मी डोंग्यावर.

*

ते पुस्तक शाळेतून आलं तेव्हा रोवणा संपला होता. रंगीत पुस्तक. वर लिहिलेलं, 'स्वतःला ओळखा, स्वतःची वाट शोधा.' आत चाळीस प्रश्न. घरी बसून, घरच्या मोठ्या माणसासोबत भरायचं. एक म्हणजे अजिबात जमत नाही, पाच म्हणजे फार चांगलं जमते. मग ते टॅबमध्ये भरणार आणि मशीन सांगणार, तुम्ही काय व्हा.

दुपारची वेळ. मी अंगणात फाटलेलं जाळं घेऊन बसलो होतो. पायल पाटावर बसली, पेन उघडलं.

"आबाजी, पहिला प्रश्न. मी नवीन माणसाशी बोलू शकते. किती लिहू?"

"एक."

"एक काऊन? मी तं बोलते."

"मोठं लिहू नोको. हासतील. एक लिही."

तिने लिहिलं. दुसरा प्रश्न, तिसरा. मी जाळ्यातून डोळे न काढता एक, एक म्हणत गेलो. ती मधात म्हणाली, "अशानं सगळे एकच होऊन राह्यले, आबाजी." मी म्हटलं, "होऊ दे. भाजीपुरतं लिहायचं. सायेब लोक समजून घेतात." मला खरंच असं वाटत होतं. सगळे कमीच सांगत असतील, आणि सायेब त्यात आपल्या मनाने मिळवून घेत असेल. बाजारात घेणारा घेतो तसं.

मग तो प्रश्न आला. कितवा होता आठवत नाही.

"आजारी माणसाची काळजी घेणं मला जमतं."

ती थांबली. पेन कागदावर टेकवलं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "इथी पाच लिहू का?"

मी जे बोललो ते आता लिहितो.

मी म्हणालो, "जमलं असतं तं तुही आजी असती."

तिच्या तोंडावर मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिने एक लिहिलं. पुढचे सगळे प्रश्न तिने मला विचारलेच नाहीत. भराभर एक, एक, एक लिहिले, पुस्तक दप्तरात टाकलं आणि पाणी भरायला गेली.

आता खरं काय होतं तेही लिहितो, कारण अर्धं लिहिलं तर ते खोट्याहून वाईट. दिवाळीच्या आधी, हलक्या धानाची कापणी सुरू होती. मी आणि बुढीची बहीण कापणीवर जात होतो. पायलने एका सकाळी पट्टी सोडली आणि मला आत बोलावलं. "आबाजी, बोट काळं पडून राह्यलं. हे चांगलं नाई. आजच गोंदियाले नेऊ." मी पाहिलं. म्हटलं, "हळद लाव. कापणी होऊ दे. आठ दिवसांनी नेऊ." ती म्हणाली, "आठ दिवस नाई जमत आबाजी, मी सिस्टरले विचारलं." मी ओरडलो. तू मले शिकवतं का, असं म्हटलं. ती सिस्टरला घेऊन आली. सिस्टरने पण सांगितलं, आजच्या आज न्या. मी तिच्यासमोर हो जी, हो जी केलं आणि नेलं नाही.

आठचे बारा दिवस झाले. मग नेलं. डॉक्टरने आधी बोट कापलं, मग पाय कापावा लागेल म्हणाला, आणि मग विष वर गेलं. बुढी शुद्धीवर असताना शेवटचं पायललाच बोलली. माझ्याशी नाही.

उशीर मी केला. पोरगी सांगत होती. आणि मी अंगणात बसून तिलाच म्हणालो, जमलं असतं तर आजी असती. असं काऊन म्हणालो? मला नऊ महिने कोणीच काही म्हटलं नव्हतं. पोराने नाही, सुनेने नाही, पायलने तर एक अक्षर नाही. ते माझ्या छातीवर बसलं होतं. मी उचललं आणि पंधरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवून दिलं. जागा लहान होती, मुकाट होती, म्हणून.

*

सभेनंतर आम्ही घरी आलो. रस्त्याने मी दोनदा काही बोलायला गेलो. ती पुढे चालत होती. घरी चूल पेटवली, भात टाकला, मला वाढलं. मग म्हणाली, "आबाजी, तुमी हासले."

मी म्हटलं, "पाटील बोलले म्हणून."

"मले मालूम हाये काऊन हासले ते," ती म्हणाली. "मी विचारलं नाई. सांगितलं."

त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी कामापुरती बोलली. भात झाला. चष्मा इथे आहे. गोळी घ्या. माझ्या रक्तदाबाची गोळी ती एक दिवस चुकली नाही. तेच मला सहन होत नव्हतं. रागाने एखादा दिवस विसरली असती तर मला खाली मान घालायला थोडी जागा झाली असती.

एका रविवारी पाटलांची नात घरी आली. श्रावणी. पायलच्या वर्गात आहे. गणिताची वही मागायला आली होती. पोरगी चांगली आहे, मनात काही नाही. बसली, चणे खाल्ले आणि स्वतःच म्हणाली, "आबाजी, तुम्ही राग नका मानू. माझ्या कागदाचं ऐका. आमच्या आजोबांनी सगळीकडे पाच टाकायला लावले."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. एक प्रश्न होता, रक्त पाहून मला चक्कर येते. तिथंही पाच!"

पायल आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. "मंग? काय निंगालं तुह्या कागदावर?"

"डॉक्टर," श्रावणी म्हणाली. आणि दोघी पोट धरून हसल्या. श्रावणी म्हणत होती, "बाई, मी तर कोंबडी कापताना पण घरातून पळते. आजोबांनी तो कागद काचेत लावला, बैठकीत!"

मी हसलो नाही. माझ्या हातातली सुई थांबली.

म्हणजे मशीन काही पाहत नव्हतं. मला वाटत होतं, एवढं गोंदियाहून आणलं, भिंतीवर उजेड पाडते, तर त्याला आतलं दिसत असेल. त्याला काही दिसत नाही. पाटलांनी पाच सांगितलं, त्याने पाच म्हटलं. मी एक सांगितलं, त्याने एक म्हटलं, माइकवरून. पाटलांच्या घरी पाच म्हणायची रीत आहे. आमच्या घरी एक म्हणायची. आणि त्या मशीनच्या मागे जो बसला आहे त्याने आमच्यासारखं घर कधी पाहिलंच नसेल. नाहीतर चाळीस ठिकाणी एक पाहून त्याने हसायच्या आधी विचारलं असतं, बाई, हे असं कोणं लिहायला लावलं?

श्रावणी गेल्यावर मला माझा बाप आठवला. तलावाच्या पाळीवर ठेकेदाराचा माणूस उभा राहायचा. डोंगा काठाला लागला की ओरडायचा, "किती भेटले रे?" बाप म्हणायचा, "भाजीपुरते, मालक." मोठी मरळ डोंग्यात, ओल्या जाळ्याखाली. कारण सांगितलं की तो उचलून नेणार. चांगलं ते त्याचं. म्हणजे ही देवाची रीत नव्हती. मोठं बोललं की जाळं रिकामं निघते, हे पोरांना सांगायचं होतं. पोरं लहान असतात, खरं बोलून टाकतात, म्हणून भीती घातली. खरी गोष्ट एवढीच की आम्ही लपवत होतो. माझ्या बापाजवळ लपवायला मरळ तरी होती. ठेकेदाराचा माणूस केव्हाच मेला. आता आम्हा ढिवरांची संस्था झाली, तलावाचा मासा आम्ही तोलून देतो. आणि मी अजून लपवूनच राहिलो. लपवता लपवता आपल्या घरात काय आहे तेच विसरलो. पोरीला येते तेही नाही म्हणून सांगितलं, आणि तिला ते खरं वाटायला लागलं.

माझा बाप घाबरून खोटं बोलला, घर वाचवायला. मी खोटं बोललो, स्वतःला वाचवायला. दोन्ही एक नाही.

*

सर दहावीच्या पोरांचे दाखले जमा करायला पुन्हा येणार होता. त्या दिवशी मी धुतलेला सदरा घातला आणि पायलला म्हटलं, "चाल. मी येतो."

"कायले?"

"चाल तं."

मुख्याध्यापकांच्या खोलीत सर होता, वर्गाच्या मॅडम होत्या आणि पाटील चहा पीत बसले होते. मी दारात उभा राहिलो.

मी म्हटलं, "सर, माझी सही परत पायजे. पोरगी नागपूरले जाणार नाई. आणि पुस्तक दुसऱ्यांदा भराचं हाये."

सर म्हणाला, "दादाजी, ऐसा नहीं होता. एकदा भरलं की लॉक. आणि सीट आलेली आहे, वाया जाईल."

"जाऊ द्या."

"पण काऊन?" पाटील म्हणाले. "फुकट भेटून राह्यलं त्यात तुले काय तकलीफ हाये गा ढिवरा?"

माझं तोंड ओढलं जात होतं. मला कळलं, ते हसायला निघालं आहे. मी दात दाबून धरले. मग जे बोललो ते उभ्या आयुष्यात बोललो नव्हतो.

"त्या पुस्तकात मी खोटं लिहायले लावलं. एक-एक मी सांगितला. पोरीनं नाई. तिनं तिच्या आजीची जखम तीन महिने सांभाळली. बोट काळं पडलं ते तिनं पाह्यलं. आजच गोंदियाले नेऊ, ते तिनं म्हटलं. मी नेलं नाई. माही बायको माह्यानं मेली. आणि मी हिले सांगितलं का तुह्यानं मेली. हे मले सगळ्यांसमोर बोलाचं होतं, कारण हिची इज्जत सगळ्यांसमोर गेली."

सराने टॅब खाली ठेवला. तो पोरगा वाईट नव्हता. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं की माणसं अशी पण असतात.

पायल माझ्या मागे उभी होती. मला वाटलं ती रडेल. रडली नाही. मी वळून पाहिलं तर ती माझ्याकडे पाहतच नव्हती. खिडकीतून बाहेर पाहत होती, जबडा घट्ट करून.

मॅडम उठल्या. कपाटातून कोरं पुस्तक काढलं. "लॉक टॅबला आहे, सर. कागदाला नाही. पायल, बस. तुझं तू भर. कोणाला विचारू नको."

पाटलांनी कप ठेवला. "म्हणजे आता ढिवर मार्गदर्शन करणार का शाळेत?"

मी म्हटलं, "हो. करीन."

अहो पाटील, चूक झाली, असं माझ्या तोंडात आलं होतं. सवय. म्हटलं नाही.

सराने माझा कागद परत दिला. मी तो फाडला नाही. फाडून तमाशा करायचा नव्हता. खिशात टाकला.

पायलने चाळीस प्रश्न भरायला तासभर घेतला. एकेका प्रश्नावर थांबत होती. झाल्यावर तिने पुस्तक मॅडमना दिलं, आणि मॅडमनी मला दाखवलं. पाच होते, चार होते, दोन पण होते. चित्रकलेत एक होता, आणि तो खरा होता. गाणं, दोन. हिशेब, पाच.

आजारी माणसाची काळजी घेणं मला जमतं. तिथे तीन.

मी ते तीन पाहत राहिलो. सिस्टर म्हणाली होती, माझ्याहून साफ काम करते. बुढी डाक्टरीणबाई म्हणायची. तिथे पाच पाहिजे होते. पोरगी खोटं लिहीत नाही. तिला आता खरंच तेवढंच वाटते. माझ्या एका वाक्याने ती स्वतःला तेवढी कमी मोजायला लागली, आणि मी चार माणसांसमोर कबूल केलं तरी ते भरून आलं नाही. येणारही नाही, एका दिवसात.

रस्त्याने ती म्हणाली, "आबाजी, तुमी बोलले ते बरं केलं." मग थोडं चालून म्हणाली, "पण मी विसरली नाई."

मी म्हटलं, "विसरू नोको."

*

तिच्या बापाचा फोन आला होता. कोणीतरी त्याला सांगितलं की बुढ्याने नागपूरची जागा घालवली. तो चिडला. म्हणाला, "बाबा, बह्याड झाले का? पोरगी बारावी करन, मंग तिथून चार वर्सं, तोपर्यंत काय?" मी त्याला सांगितलं, तोपर्यंत मी आहे. नसलो तर तू आहेस. तिचा फॉर्म अर्जुनीला भरणार, विज्ञानाचा, आणि त्यावर दुसऱ्या कोणाला सही करू देणार नाही. त्याने फोन ठेवला. त्याचं त्याला कळेल. नाही कळलं तरी फॉर्म भरणार.

आता आमच्या मोहल्ल्यात आणि पलीकडच्या गोंडांच्या टोलीत नववीचे पोट्टे आहेत. पुढच्या साली त्यांच्या घरी तेच रंगीत पुस्तक येणार. मॅडमजवळून मी एक जुनं मागून घेतलं आहे. शनिवारी शाळा सुटली की मी एकेका घरी जाऊन बसतो. लोकांना वाटते बुढ्याला बायको गेल्यापासून करमत नाही. तेही खरं आहे. पण त्यासाठी जात नाही.

मी पुस्तकातला प्रश्न आधी विचारत नाही. पोराला विचारतो, मागच्या साली घरी कोण आजारी होतं? त्याला पाणी कोणं दिलं? मोहफुलं कोणं मोजली? रानात वाट चुकली तेव्हा लहान भावाला घरी कोणं आणलं? पोरगं सांगते. मग मी म्हणतो, आता पेन घे, आता लिही. कालच टोलीतल्या एका बाईने आपल्या पोरीला माझ्यासमोर म्हटलं, "हिले काय जमते बापा, बकऱ्या चारते." मी त्या बाईशी भांडलो. मोठ्याने भांडलो, लोक जमले. ती म्हणाली, तुम्ही कोण सांगणारे? मी म्हटलं, मी तो माणूस आहे ज्याने आपल्या पोरीला असंच म्हटलं.

ज्या घरी असं बोललं जाईल त्या घरी मी भांडायला जाणार. पाटलाच्या घरी, ढिवराच्या घरी, गोंडाच्या घरी. माझ्या घरात तर रोज.